वाकण्यात अवघड ते काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुर्बिणीने मुतखडा काढायची लवचीक अवजारं मी डिझाइन करते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "बारीक नळी आणि आत तार, त्याला एवढी वर्षं का लागतात?"

वाकवणं सोपंच आहे. तारेची जाडी निम्मी केली की तिचा ताठपणा सोळाव्या हिश्श्यावर येतो. अवघड आहे ते वाकलेल्या नळीतून डॉक्टरांच्या अंगठ्याची हालचाल टोकापर्यंत पोचवणं.

सायकलचा ब्रेक आठवा. केबलला वळसे पडले की लिव्हर जड होतो. वळण वाढत गेलं की घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणांक ०.२ धरला, तर १८० अंशांच्या वळणानंतर ओढ जेमतेम निम्मी उरते आणि ३६० अंशांनंतर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आमची वाट तर मूत्राशयातून मूत्रवाहिनीत, तिथून वर मूत्रपिंडात. खडा तळाच्या कप्प्यात असला की टोकाला पुन्हा खाली वळावं लागतं. दुर्बीण सुमारे ३ मिलिमीटर जाड, तिच्यातली अवजाराची वाट १.२ मिलिमीटरची. खडा फोडणाऱ्या लेझरचा फायबर (काचेची बारीक तार) त्यातूनच जातो, आणि तो आत गेला की टोक आधीइतकं वळत नाही. खडा धरायची जाळी नायटिनॉलची करतात, कारण हा मिश्रधातू ८ टक्क्यांपर्यंत ताणला तरी मूळ आकारात परततो. स्टील त्याच्या कितीतरी आधी कायमचं वाकतं.

माझा पहिला नमुना टेबलावर सरळ ठेवला तेव्हा अंगठ्याबरोबर अलगद वळत होता. मग तो प्लास्टिकच्या वाकड्या नळीत घातला. अंगठा हलवला, टोक ढिम्म. आणखी थोडं दाबलं आणि टोकाने एकदम उडी मारली. प्लास्टिकवर टक्‌ असा बारीक आवाज झाला. तिथे कुणाचं तरी मूत्रपिंड असणार होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे कित्येक महिने केबलचा पीळ आणि आतलं अस्तर बदलण्यात गेले, आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

आता नवा नमुना आला की मी तो सरळ ठेवून बघतच नाही. आधी वाकड्या नळीत घालते, डोळे मिटते आणि अंगठा केसभर हलवते. टोक हललं का, ते शेजारी बसलेला सहकारी सांगतो.