ला रोमियूच्या वाटेवर

फ्रान्समधून स्पेनच्या सांतियागोकडे जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या वाटेवर चालत होतो. कॉंक हे गाव मागे पडल्यावर मी दिवस मोजणं सोडलं. मोआस्साक घाईतच पाहिलं. पण लेक्तूर ते ला रोमियू ही सुमारे १९ किलोमीटरची वाट अजून पायात आहे.

जुलैचं ऊन. एका बाजूला कापलेल्या गव्हाची धसकटं, दुसऱ्या बाजूला सूर्यफुलं. मार्सोलान सोडलं आणि डाव्या टाचेचा फोड टचटचीत फुगला. सोबत्याच्या काठीची टकटक डोक्यात जायला लागली. "तुम्ही व्हा पुढे," असं तुटकपणे म्हणालो आणि एका शेतघराच्या सावलीत बसकण मारली. राग त्याचा नव्हताच. सकाळपासून ओठावर नाम आलं नव्हतं, त्याचा होता.

आतून एक आजी आल्या. कोठारात वाशांना लसणाच्या जुड्या टांगलेल्या, आजींच्या बाह्यांना त्याचीच पांढरी सालं चिकटलेली. माझं फ्रेंच नमस्कारापुढे जात नाही. त्यांनी टाच पाहिली आणि घमेल्यात कोमट मिठाचं पाणी आणलं. मग हात खसाखसा धुतले, सुई ज्योतीवर धरली, दोरा ओवून फोडातून अलगद पार केला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. वाल्ह्याच्या मुक्कामी आमच्या दिंडीतल्या मावशींनी अगदी असंच केलं होतं. "आजी" असं मराठीतच तोंडून गेलं. पैसे काढले, तर त्यांनी माझी मूठ मिटवली आणि वर लसणाचा एक गड्डा दिला.

रोमियू म्हणजे तिथल्या जुन्या बोलीत रोमला निघालेला यात्रेकरू. पाचेकशे वस्तीच्या या शेतकरी गावाचं नावच वारकऱ्याचं! शेतांवरून आधी दिसतात ते देवळाचे दोन मनोरे. इथल्याच एका कार्डिनलने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बड्या धर्मगुरूने, १३१२ ते १३१८ या काळात हे चर्च उभारलं. चौकात दगडी मांजरं बसवली आहेत. दुष्काळात लोकांनी मांजरं खाल्ली, उंदीर माजले, तेव्हा आंजेलीन नावाच्या मुलीने लपवलेल्या मांजरांनी धान्य वाचवलं, अशी कथा आहे. धान्याची ही काळजी आपल्याही गावांना नवी नाही.

चर्चमध्ये फोटो काढणाऱ्यांचा गलका होता, चिडचिड पुन्हा वर आली. बाजूच्या छोट्या खोलीत शिरलो. भिंतीवर चौदाव्या शतकातले देवदूत, रंग उडालेले. बूट काढून दोरा लोंबणारी टाच थंड फरशीवर टेकवली. हाताला लसणाचा वास येत होता. हळू आवाजात रामकृष्णहरी सुरू झालं.