घाण्याची पेंड आणि ढोलाचं पाणी

आमचा घाणा गुहागरजवळ. आप्पांच्या वेळी त्यात फक्त खोबरं पडायचं. मी शेवग्याच्या बियांचं तेल काढू लागलो, तेव्हा पंचाईत झाली ती पेंडीची. कडू असल्यामुळे जनावरं तोंड लावीनात. आई म्हणाली, "पावसात विहीर गढूळ झाली की आम्ही माठाला आतून निवळीचं बी घासायचो. शेवग्यानंही पाणी निवळतं म्हणतात, बघ करून."

घाटावरचे एक ओळखीचे कारखानदार कातडी कमावतात. कातडी फिरवायच्या ढोलात ते क्रोम, म्हणजे क्रोमियमचा क्षार, घालतात. ते सगळं कातडं पीत नाही, 30 ते 40 टक्के पाण्याबरोबर बाहेर पडतं. हे पाणी निवळायला ते तुरटी वापरायचे. मी उत्साहात पेंडीऐवजी अख्ख्या बियांची पूड पाठवली. चार दिवसांनी फोन, "पाणी निवळलंय ओ, पण सीओडी वाढलाय त्याचं काय?" सीओडी म्हणजे पाण्यातली घाण मोजायचं एक माप.

चूक माझीच. काम करतं ते बियांमधलं पाण्यात विरघळणारं प्रथिन. त्याचा भार धन, पाण्यातल्या मळाचा ऋण, म्हणून दोन्ही गोळा होऊन तळाला बसतात. तेल मात्र पाण्यातली घाण वाढवतं. म्हणजे टाकाऊ समजत होतो ती पेंडच कामाची! मिठाच्या पाण्यात भिजवली की प्रथिन जास्त उतरतं. आधी चुन्यानं पीएच साडेआठच्या आसपास नेला की विरघळलेल्या क्रोमचा साका होतो, मग शेवगा त्याचे बारीक कण धरतो. मात्रा रोज जार टेस्ट करूनच, म्हणजे थोड्या थोड्या पाण्यात वेगवेगळी मात्रा घालून बघूनच, ठरवायची, कारण कालचं पाणी आज नसतं. रंग उरलाच तर करवंटीच्या कोळशातून गाळतो.

पहिल्या पावसाळ्यात तीन पोत्यांना बुरशी आली. आता मृगाआधी पेंड कडकडीत वाळवून झाकणाच्या पिंपांत भरतो.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. कच्चं कातडं मिठात मुरवून येतं, ते मीठ आमच्यानं निघत नाही. क्रोमची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम. ती गाठली तरी पाणी खारटच. आणि बाहेर काढलेलं क्रोम गाळात बसलेलं असतं. गेल्या वर्षी एकानं विचारलं, "झाडपाल्याचाच गाळ ना? कलमांच्या बुडाशी घालतो." मी म्हटलं, तो घातक कचरा आहे, रीतसर विल्हेवाट लावणार असाल तरच माल देतो. त्यांनी ऑर्डर रद्द केली. त्यांच्यासाठी भरलेली आठ पिंपं अजून माळ्यावर आहेत.