गालात भरलेली चरबी टिकावी म्हणून

कॉलेजात असताना माझा डावा गाल बसायला लागला. पॅरी-रॉम्बर्ग नावाचा आजार. चेहऱ्याची एक बाजू खंगत जाते आणि बहुतेकांमध्ये काही वर्षांनी ते आपोआप थांबतं. थांबल्याची खात्री पटल्याशिवाय सर्जन सहसा चरबी भरायला घेत नाहीत, म्हणून वाट पाहण्यात बरीच वर्षं गेली. पुण्यात स्कूटरवरच्या निम्म्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतात, त्यामुळे रस्त्यात कुणाच्या लक्षात यायचं नाही. ऑफिसात मात्र यायचं.

पहिल्यांदा पोटाची चरबी काढून गालात भरली. सूज होती तोवर गाल सुरेख दिसला, नंतर महिना-महिन्याला उतरत गेला. मी फार रडले. आईला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी बिघडवलं. पण बिघडलं काहीच नव्हतं. काढलेल्या चरबीला रक्तपुरवठा नसतो. गालात गेल्यावर सुरुवातीचे दिवस ती आजूबाजूच्या पेशींमधून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरते. नव्या रक्तवाहिन्या पोचेपर्यंत कडेच्या पेशी जगतात, गोळ्याच्या मधल्या मरतात. म्हणूनच चरबी एकगठ्ठा न भरता बारीक सुईने थेंब-थेंब, वेगवेगळ्या थरांत सोडतात. तरीही टिकण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २० पासून ८० टक्क्यांपर्यंत दिलेलं आहे.

दुसऱ्या वेळी कोथरूडमधल्या डॉक्टर मॅडमनी पीआरएफ सुचवलं. आपलंच रक्त मशीनमध्ये गरगर फिरवून त्यातला प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारे बारीक कण) आणि फायब्रिनचा (गोठताना जाळं विणणाऱ्या प्रथिनाचा) भाग वेगळा काढायचा आणि चरबीत मिसळायचा. प्लेटलेटमधून रक्तवाहिन्या वाढवणारे घटक सुटतात. पीआरपी म्हणजे रक्तातून काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला पातळ द्रव; त्यात ते बरेचसे लवकर सुटतात, पीआरएफमध्ये फायब्रिनच्या जाळ्यात अडकल्यामुळे बरेच दिवस हळूहळू सुटत राहतात. ही पद्धत २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी मांडली.

"मग चरबी नक्की टिकेल ना?" मी विचारलं.

"नक्की असं मी तुला सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. एचआयव्हीच्या रुग्णांचे बसलेले गाल भरताना चरबीत प्लेटलेटचे घटक घालून पाहिले होते. २०१४ साली आलेल्या त्या चाचणीत फरक आढळला नव्हता. रक्त किती वेगाने फिरवायचं, चरबीत किती मिसळायचं, हे प्रत्येकजण वेगळं करतो, त्यामुळे तुलनाही अवघड. त्या दिवशी माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो या उत्तरामुळेच.

भूल फक्त त्या जागेपुरती होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. नर्सताईंनी हातातून रक्त घेतलं आणि नळी भरताच लगबगीने मशीनकडे गेल्या. पीआरएफमध्ये रक्त न गोठण्याचं औषध घालत नाहीत, उशीर झाला तर नळीतच गोठतं. मशीन थांबल्यावर त्यांनी नळी माझ्यासमोर धरली. खाली काळपट लाल, वर मधासारखा पिवळा थर. तेवढाच वरचा थर त्यांनी अलगद सिरिंजमध्ये ओढून घेतला.

नंतरची पथ्यं मी काटेकोर पाळली. गालावर दाब नको, म्हणजे स्कार्फ नाही, हेल्मेट नाही, म्हणून स्कूटरही नाही. रिक्षावर पैसे गेले. झोपायचं उताणं, उशी उंच. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बाहेर, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. बाबांनी खरंच सोडली.

सहा महिन्यांनंतरचे फोटो पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ चांगले आहेत. श्रेय पीआरएफचं, की आधीच्या चरबीमुळे जागा तयार झाली होती त्याचं, हे एका गालावरून कुणालाच सांगता येणार नाही. भुवईजवळची खोलगट रेष अजून भरायची आहे. तेव्हाही पीआरएफ घेणार आहे. खर्च वाढतो, पण रक्त माझंच असल्याने दुसऱ्याच्या रक्ताची भीती नाही, आणि त्या जागी टिकेल तेवढी चरबी मला हवी आहे.