पंचाहत्तरपर्यंत पिंग आणि मग शांतता : कर्नल अपडेट

तर मंडळी, मागच्या वेळी माझ्या कर्नलमध्ये (स्वतः लिहितोय त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नेटवर्क चालू झालं म्हणून सांगितलं होतं, ते खरं होतं पण अर्धंच. क्यूएमूमध्ये (अख्ख्या पीसीची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) १०.०.२.२ ला, म्हणजे त्याच्या आतल्या गेटवेला, पिंग (उत्तर मागणारं छोटं पॅकेट) मारलं की रिप्लाय मस्त यायचे, आणि पंचाहत्तरनंतर एकदम सगळं गार. कर्नल पॅनिक (क्रॅश) नाही, काही नाही, कीबोर्ड चालतोय, टायमर चालतोय, फक्त पॅकेट गायब.

पहिला संशय इंटरप्टवर (कार्ड सीपीयूला मारतं ती हाक), पण ते तर येत होते. मग क्यूएमूच्या फिल्टर-डंपची (येणारी-जाणारी पॅकेट नोंदवणारी) फाइल वायरशार्क या पॅकेट बघायच्या टूलमध्ये उघडली तर ७६ वा रिप्लाय व्यवस्थित दिसतोय, म्हणजे कार्डापर्यंत माल पोचलाय, पुढे आपला आरटीएल ८१३९ चा (त्या नेटवर्क कार्डाच्या चिपचा) ड्रायव्हर झोपलाय.

मग कागद घेऊन बसलो. साधं पिंग म्हणजे ९८ बाइटची फ्रेम, त्यात सीआरसीचे (चूक पकडायच्या कोडचे) ४, आणि कार्ड पुढे स्वतःचा ४ बाइटचा हेडर चिकटवतं, झाले १०६, पण पुढचं पॅकेट ४ च्या पटीतच सुरू होतं म्हणून १०८. आलेली पॅकेट साठतात तो रिसीव्ह बफर ८१९२ बाइटचा. सुरुवातीच्या एआरपीचे (कार्डाचा पत्ता विचारायच्या पॅकेटचे) ६८ धरले तर ७५ पिंग ८१६८ वर संपतात, आणि ७६ व्याचे २४ बाइट शेवटाला, बाकीचे परत बफरच्या सुरुवातीला! ड्रायव्हर मात्र नाकासमोर सरळ वाचत बफरच्या बाहेर गेला, ते पॅकेट चेकसममध्ये मेलं, आणि ऑफसेट (बफरमध्ये कुठून वाचायचं तो आकडा) शून्याकडे वळवलेलाच नसल्यामुळे पुढचा हेडरही त्याला बाहेरच्याच मेमरीत दिसायला लागला, तिथे ओके बिट (पॅकेट नीट आल्याची खूण) कुठून असणार, लूप सोडून मोकळा. दर इंटरप्टला हेच.

फिक्स दोन ओळींचा. ऑफसेटला मॉड्युलो ८१९२ (भागून उरलेली बाकी), आणि रिसीव्ह कॉन्फिगमध्ये रॅप बिट ऑन, म्हणजे शेवटचं पॅकेट न तुटता सलग पुढे लिहिलं जातं, त्यासाठी बफर ८१९२ + १६ + १५०० घ्यायचा. सीएपीआर रजिस्टरमध्ये (कुठपर्यंत वाचलं ते कार्डाला सांगायची जागा) लिहिताना १६ वजा करायचे ते आधीपासून होतंच (या चिपची ही खोड का आहे देव जाणे, पण क्यूएमूनेसुद्धा ती इमानदारीत उतरवलीये).

काल रात्रभर पिंग चालू ठेवलं, सकाळी बघतो तर चालूच. आता खऱ्या पीसीआय कार्डावर टाकायचंय, आणि तिथे आधी ओव्हरफ्लोचा (बफर भरून गेल्याचा) इंटरप्ट हँडल करावा लागेल, सध्या तो नुसता क्लिअर करून सोडतोय. आणि हो, कोणी ६४ केबीचा बफर घेत असाल तर तिथे रॅप बिट चालत नाही, तुटलेलं पॅकेट स्वतःच जोडून घ्यावं लागतं.