तैलबैल्याच्या खिंडीत पोळलेला हात

शनिवारी रात्री लोणावळ्याहून निघालो, तैलबैला गावात देवळाच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्या आणि सकाळी चहा घेऊन तासाभरात खिंडीत पोचलो. दोन्ही बाजूंना बेसॉल्टच्या सरळसोट भिंती, समोर सुधागड. पण मला लिहायचंय ते साडेनऊनंतरच्या दोन सेकंदांबद्दल आणि दुपारच्या एका हंड्याबद्दल.

दादा लीड करत होता, म्हणजे पुढे राहून आधी चढत होता; मी बिलेवर, म्हणजे खालून त्याचा रोप सांभाळत होते. 10 मिलिमीटरचा डायनॅमिक, म्हणजे ताणून झटका शोषणारा रोप, माझ्या कमरेच्या हार्नेसला एटीसी, रोप अडवणारं छोटं साधन. त्याची फिगर-ऑफ-एट गाठ मी तपासली, माझ्या कॅरॅबिनरचा, म्हणजे कडीचा स्क्रू त्यानं. रोपाच्या मोकळ्या टोकालाही गाठ मारली. हातमोजे मात्र सॅकमध्येच राहिले. चामड्याचे, बिलेसाठी मुद्दाम घेतलेले. मार्चच्या उन्हात हात घामेजतात आणि मोज्यातून रोप नीट कळत नाही, अशी माझी समजूत होती.

तोवर रॅपलिंगला, म्हणजे रोपानं कडा उतरायला आलेला एक मोठा ग्रुप खिंडीत दाखल झाला. पन्नासेक माणसं, त्यात स्पीकरवर गाणी. तिथे आवाज दोन्ही भिंतींवर आपटून घुमतो. वरून दादा ‘स्लॅक’ (रोप सैल सोड) म्हणतोय की ‘टाइट’ (ताणून धर), तेच कळेना. मला याचा फार संताप येतो. वरच्याचा जीव त्या एका शब्दावर असतो आणि खाली कुणाला त्याची दखलही नसते. पण पुढे जे झालं ते गाण्यांमुळे नाही झालं. माझ्या हातून झालं.

रोप खाली मांडीकडे धरला की तो एटीसीच्या कडेवर वळतो आणि घर्षणानं अडतो. तोच हात वर, चढणाऱ्याच्या रोपाशेजारी गेला, की ते घर्षण जवळपास संपतं आणि सगळा भार नुसत्या मुठीवर येतो. म्हणून ब्रेकचा हात रोप कधीच सोडत नाही, आणि स्लॅक दिला की लगेच खाली येतो. हाताची जागा बदलायची तर तीही रोपावरून सरकवत, हात न उचलता. हे मी नव्या मुलांना दर मोसमात शिकवते. दादानं कातळातल्या चौथ्या बोल्टला क्लिप करायला, म्हणजे अडकवायला, रोप वर ओढला. मी घाईघाईनं देत गेले, उजवा हात छातीपर्यंत वर, रोप नुसता दोन बोटांत. तेवढ्यात त्याचा पाय सुटला.

रोप सळसळत धावला. मी मूठ आवळली, तर आवळलेल्या मुठीतूनच तो जात राहिला. हात कसाबसा मांडीपर्यंत खाली रेटला तेव्हा थांबला. दादा माझ्या डोक्यावर दोन पुरुष उंचीला लोंबकळत होता. त्याचं कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. बिलेयरच्या मागे आणखी एकानं रोप धरून बॅकअपला बसायचं, ही आमच्यातली पद्धत. त्या सकाळी “कशाला, मी आहे ना,” असं मीच म्हणाले होते. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्याला खाली उतरवेपर्यंत दुखलं नाही. मग मूठ उघडली. तर्जनीच्या मुळापासून तळहातभर तिरका, पांढरा, गुळगुळीत चर, कडेला कातडी गोळा झालेली. सूज चढायच्या आत अंगठी काढली. बाटल्यांतलं पाणी थोडं, टाक्यातलं हिरवं झालेलं. उघड्या जखमेवर ते घालवेना. तसंच गाव गाठलं.

पहिल्याच घरातल्या मावशींनी हात बघितला. “हळद भरू का, पोरी?”

“नको मावशी, फक्त पाणी. वीस मिनिटं धार धरायची असते.”

भाजल्यावर तेच करायचं असतं: साधं गार पाणी, सलग. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही. पण बोलून गेल्यावर दारातल्या भांड्यांकडे लक्ष गेलं. दोन हंडे आणि एक कळशी, एवढंच पाणी. मार्चमध्ये ते विहिरीवरून डोक्यावरून आणलेलं. मी म्हटलं, राहू द्या, तांब्याभर पुरे.

त्यांनी ऐकलं नाही. ओट्यावर बसवलं, मनगट आपल्या गुडघ्यावर टेकवलं आणि तांब्यानं बारीक धार सोडत राहिल्या. वाहून जाणारं पाणी खाली घमेल्यात धरलं, म्हशीसाठी. दादा घड्याळ बघत होता. एक हंडा संपला, त्यांनी दुसऱ्यात तांब्या बुडवला. कशानं पोळलं म्हणून विचारलं, मी सांगितलं.

“दोर सुटतोच कसा?” त्या म्हणाल्या. तांब्या बाजूला ठेवून पोहरा शेंदल्यासारखं करून दाखवलं. एक हात घट्ट, दुसरा पुढे, मग तो घट्ट तेव्हा पहिला पुढे. तळहात काळपट, बोटांच्या मुळाशी घट्टे. “भरला पोहरा हाय. येक हात घट असल्याबिगर दुसरा उचलायचाच न्हाई.”

दादा माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली.

वीस मिनिटं झाल्यावर स्वच्छ कापड सैल गुंडाळलं आणि डॉक्टरकडे जायला निघालो. पैसे पुढे केले तर मावशी रागावल्या. रिकामा हंडा कमरेवर घेऊन त्या विहिरीकडे निघाल्या होत्या. दादानं तो त्यांच्याकडून मागून घेतला आणि त्यांच्या मागोमाग गेला. मी हात उंच धरून ओट्यावर बसून राहिले.