यूट्यूबवर सगळं आहे, मग फाइन आर्टला चार वर्षं कशाला?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते. विचारणारे बहुतेक आईवडील असतात, मुलीला किंवा मुलाला फाइन आर्टला जायचं असतं आणि यांचं म्हणणं असतं की अहो ब्रश कसा धरायचा, शेडिंग कसं करायचं हे सगळं मोबाइलवर फुकट बघायला मिळतं, मग तिथे चार वर्षं नक्की शिकवतात काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी बडोद्याला शिकले, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत, आधी पेंटिंग आणि मग प्रिंटमेकिंग, म्हणजे पत्र्यावर किंवा दगडावर चित्र करून ते कागदावर छापायची कला. १९५० साली सुरू झालेली फॅकल्टी ती, तिथला पेंटिंग विभाग घडवण्यात चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांचा मोठा वाटा. त्यामुळे माझं उत्तर बडोद्यावरून आलेलं आहे, पण जेजेला (मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला) किंवा शांतिनिकेतनला शिकलेली माणसंही साधारण हेच सांगतील असं मला वाटतं.

तर उत्तर असं की तिथे चित्र काढायला शिकवण्यापेक्षा चित्र कशाचं बनलेलं असतं ते शिकवतात. कापड, तेल, सरस, चुना, पत्रा, अ‍ॅसिड, दगड, माती. आणि ही प्रत्येक गोष्ट आपल्या मर्जीने नाही, तिच्या स्वभावाने वागते.

ऑइल पेंटचंच घ्या. वॉटरकलर वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, पण जवसाचं तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू त्याची चिवट फिल्म बनते, वरून हाताला कोरडं लागलं तरी आत महिनोन्‌महिने काम चालूच असतं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवायचे. उलटं केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो आणि मग भेगा पडतात, त्या लगेच दिसतही नाहीत, चित्र विकलं गेल्यावर कधीतरी दिसतात. हेच तेल कोऱ्या कापडात मुरलं तर कापड काही वर्षांत ठिसूळ होतं, म्हणून आधी सरसाचा हात द्यायचा, मग प्रायमर, म्हणजे रंगाच्या खालचा तयारीचा थर. आणि सरस म्हटलं की पावसाळा आला, कारण तो हवेतली ओल पितो आणि जानेवारीत ढोलासारखा ताणलेला कॅनव्हास जुलैत लोंबायला लागतो. कोरड्या हवेतल्या माणसाने केलेल्या व्हिडिओत हा जुलै नसतो हो, तो आपल्याकडेच असतो.

ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचायलाही तिथेच शिकतात. पुढे मोठ्या अक्षरात कॅडमियम यलो लिहिलंय पण पुढे छोटंसं ‘ह्यू’ जोडलंय, तर आत कॅडमियम नाही, त्या रंगासारखं दिसणारं दुसरं पिगमेंट (रंगाची पूड) आहे. वाईट असतं असं नाही, स्वस्त पडतं आणि शिकताना चालतं, पण मिसळल्यावर वेगळं वागतं हे माहीत असायला हवं. अलिझरिन क्रिमसन दिसायला इतका देखणा, पण पातळ लावून उजेडात ठेवला तर हळूहळू फिका पडतो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

आणि हे न कळण्याची किंमत काय असते ते आपल्या अजिंठ्यातच बघा. १८७२ पासून जेजेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या चित्रांच्या नकला करत होते, वर्षानुवर्षं, आणि त्या लोकांचे कष्ट प्रचंड होते यात वादच नाही. पण मूळ चित्रं नीट उठून दिसावीत म्हणून त्यांनी भिंतींवर व्हार्निश लावलं. ती भिंत म्हणजे मातीचं प्लास्टर, त्यात भाताची तुसं आणि झाडपाल्याचे धागे, त्यावर पातळ पांढरा हात आणि मग चिकट माध्यमात कालवलेले रंग. आपण सरसकट फ्रेस्को म्हणतो, पण ओल्या चुन्यात रंग मुरवलेला तो फ्रेस्को नव्हे. अशा भिंतीवरचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते काढता काढता नंतरच्या लोकांच्या नाकी नऊ आले. चित्रकला उत्तम येत असलेल्या माणसांकडून हे झालं, म्हणून मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं.

आता माझ्या जवळच्या विषयाकडे येते, एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने रेघा कोरून त्यावरून छपाई. झिंकची प्लेट घ्यायची, कडा कानशीने तिरक्या घासायच्या (नाहीतर प्रेसखाली कागद आणि ब्लँकेट दोन्ही कापलं जातं), चॉकने घासून तेलकटपणा काढायचा, पाणी न तुटता सगळीकडे पसरलं की समजायचं साफ झाली. मग तिच्यावर ग्राउंडचा थर, म्हणजे डांबरासारखं अस्फाल्टम, मेण आणि राळ, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, तिथला थर निघून धातू उघडा पडतो, आणि प्लेट पातळ नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये सोडायची, ते फक्त त्या रेघांतच धातू खातं. रेघांवर बुडबुडे येतात, ते पिसाने हळूच सारत राहायचं, नाहीतर रेघ सगळीकडे सारखी खाल्ली जात नाही. किती वेळ ठेवायची? इथेच सगळं आहे. तेच अ‍ॅसिड बडोद्याच्या मे महिन्यात झपाट्याने खातं आणि जानेवारीत आळसावतं, नवं असेल तर एक, चार प्लेटा खाऊन झालेलं असेल तर दुसरं, त्यामुळे कुठल्याही पुस्तकातली मिनिटं तुमच्या उपयोगाची नाहीत. बुडबुड्यांच्या वेगावरून अंदाज घ्यायचा, आणि तो अंदाज शेजारी उभं राहूनच मिळतो.

तसंच शाई पुसण्याचं. सगळ्या प्लेटवर शाई लावायची आणि मग जाळीच्या कापडाने अशी पुसायची की वरची निघेल पण रेघेतली राहील, शेवटी हाताच्या तळव्याने. स्टुडिओत एक काका होते, ते प्राध्यापक नव्हते, मदतनीस म्हणून कामाला होते, पण त्यांनी माझं मनगट धरून ‘एवढाच जोर’ म्हणून दाखवलं तेव्हा मला ते कळलं. व्हिडिओ काय करायचं ते सांगतो, किती करायचं ते सांगू शकत नाही. ते ‘किती’ एका हातातून दुसऱ्या हातात जातं. अशा माणसांना आपल्या कला महाविद्यालयांत फार कमी मान मिळतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लिथोग्राफी, म्हणजे दगडावरून छपाई, ती तर घरी शक्यच नाही. बव्हेरियातून आलेले चुनखडीचे जड दगड, दोन दगड एकमेकांवर कार्बोरंडमची खरखरीत पावडर घालून घासत बसायचं, मग तेलकट खडूने चित्र, आणि तेल-पाण्याचं जमत नाही या एवढ्याशा गोष्टीवर सगळी छपाई. राजा रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या कितीतरी देवघरांत पोचल्या. एकदा स्वतः दगड घासला ना की त्या तसबिरीकडे बघायची नजरच बदलते, एकेका रंगाला वेगळा दगड आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसवायचा, हे कोणाच्या तरी पाठीने केलेलं आहे हे दिसायला लागतं.

आणखी एक, जे फीच्या हिशोबात कोणी धरत नाही. तिथे तुम्ही एकटे नसता. शेजारच्या टेबलावर कोणाचं ग्राउंड सुटतंय, पलीकडे मूर्तिकलेवाले प्लास्टरचा साचा उघडतायत, भट्टीतून कोणाचं भांडं तडकून बाहेर आलंय, आणि हे सगळं बघताना तुमचंही शिक्षण होत असतं.

सगळीकडे हे असंच मिळतं असं मात्र नाही. बऱ्याच ठिकाणी मटेरियलचा विषय म्हणजे नोट्स पाठ करून लिहायचा पेपर झालाय, प्रेस आहे पण त्यावर धूळ, आणि मग तुमची शंका खरी ठरते, तेवढं यूट्यूबवरही मिळेल. मुलीला पुढे फक्त टॅब्लेटवर इलस्ट्रेशन करायचं असेल तरीही वेगळा विचार करा, तिला यातलं बरंचसं लागणार नाही. पण रंगाला, मातीला हात लावल्याशिवाय तिला चैन पडत नसेल तर अ‍ॅडमिशनच्या आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. ऑफिसात नको, थेट स्टुडिओत जा. अ‍ॅसिडच्या खोलीत एक्झॉस्ट चालू आहे का बघा, प्रेस शेवटचा कधी फिरला ते विद्यार्थ्यांनाच विचारा, तास संपल्यावर स्टुडिओ उघडा राहतो का, प्लेटा आणि कागद स्वतःच्या खर्चाने आणावे लागतात का तेही विचारा, कारण तांबं महाग आहे आणि झिंकही काही स्वस्त नाही. आणि तिथे काका-मामा कोणी मदतनीस असतील तर त्यांच्याशी दहा मिनिटं बोला, त्या कॉलेजात खरंच काय चालतं ते त्यांना सगळ्यांत जास्त माहीत असतं.