वहीतला सव्वापाच : जुन्या टाटा १२१० चा खरा वेग आणि अ‍ॅव्हरेज

आमच्या घरी १९७९ सालची टाटा १२१० बस आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवी चासी घेऊन तिच्यावर बॉडी बांधून घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं सांगली-पुणे रस्त्यावर, लग्नसराईत वऱ्हाडाला आणि आषाढीला पंढरपूरला ती चालवली. धंदा बंद झाला, पण गाडी विकायचं कुणाच्या मनात आलं नाही. भाड्यानं जात नाही, तरी फिटनेस, विमा, पीयूसी सगळं आम्ही चालू ठेवलं आहे.

या गाडीबद्दल गावात दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. एक, ती शंभरनं पळायची. दोन, लिटरला सव्वापाच किलोमीटर द्यायची. मी गाडी हातात घेतली तेव्हा ती चारसुद्धा देत नव्हती आणि मागे काळा धूर सोडत होती. तेव्हा ठरवलं की हे दोन्ही आकडे नीट तपासायचे, आणि अ‍ॅव्हरेजचा आकडा खरा असेल तर गाडीला तिथवर परत न्यायचं. सोबतीला एसटीतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले काका मिळाले. आम्ही त्यांना मिस्त्रीकाकाच म्हणतो. जुन्या डिझेल गाड्या जपणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून काय काय केलं ते लिहितो आहे.

१२१० या आकड्यातच गाडीची ओळख आहे. पहिले दोन अंक भरलेल्या गाडीचं वजन सांगतात, बारा टन. पुढचे दोन ताकद, म्हणजे शंभर अश्वशक्तीच्या आसपास. मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझशी टेल्कोचा (आजच्या टाटा मोटर्सचा) करार १९५४ ते १९६९ असा होता. तो संपल्यावर बॉनेटवरचा तारा गेला आणि टाटांचं चिन्ह आलं, पण इंजिनांची घडण त्याच घराण्यातली राहिली. आमच्या गाडीत मूळचं ६९२ इंजिन होतं. झिजलेले सिलिंडर आणखी बोअर करायला, म्हणजे आतून तासायला, जागा उरली नाही तेव्हा आप्पांनी ६९७ बसवलं. या नावांतही गणित आहे : सहा सिलिंडर, आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, एकात ९२ मिलिमीटर तर दुसऱ्यात ९७. पावणेपाच लिटरचं इंजिन असं पावणेसहा लिटरच्या जवळ गेलं.

आधी मोजायचं कसं, हे ठरवावं लागलं. मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मीटरवर विसंबू नका. टाकी ते टाकी मोजायचं, आणि अंतर रस्त्यावरच्या दगडांवरून घ्यायचं." एसटीत हा हिशेब केपीटीएलमध्ये ठेवतात, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. त्यांची सगळी नोकरी त्या आकड्याकडे बघण्यात गेलेली. त्यामुळे डिझेल भरायचा पंप एकच, गाडी उभी करायची जागा एकच, तोंड एकाच दिशेला, टाकी गळ्यापर्यंत भरून फेस बसेपर्यंत थांबायचं आणि मग पुन्हा वर करायची, हे सगळं त्यांनी आमच्याकडून काटेकोरपणे करून घेतलं. टाकी रुंद असते; गाडी जरा कलती उभी राहिली तरी दोन-तीन लिटरचा फरक पडतो आणि सगळा हिशेब कोलमडतो. बसमध्ये माणसांऐवजी वाळूची पोती ठेवली, म्हणजे प्रत्येक फेरीला वजन तेच राहील.

पहिला आकडा आला ३.९.

मीटरच्या किलोमीटरवरून हिशेब केला असता तर हाच आकडा साडेचार निघाला असता. हा फरक कुठून आला, याचा माग काढताना वेगाचंही कोडं सुटलं. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते. ती चाकाचे फेरे मोजत नाही, गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे मोजते, आणि शाफ्टच्या एका फेऱ्यात चाक किती फिरतं हे क्राऊन-पिनियनवर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीवर, ठरतं. मधल्या काळात गिअरबॉक्स एका ट्रकचा बसला होता, त्याच्या मीटरचं गिअर वेगळ्या क्राऊनच्या हिशेबानं केलेलं.

आपल्या गाडीचा क्राऊन कोणता, हे गिअर न उघडता शोधता येतं. मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गाडी न्यूट्रलमध्ये. शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक फिरत असल्यामुळे डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांत फेरे वाटणारी यंत्रणा, हिशेब निम्मा करतं, म्हणून दोन फेरे. आमचा शाफ्ट सातला थोडा कमी फिरला. म्हणजे दात ४१ आणि ६, गुणोत्तर ६.८३. मीटरचं गिअर मात्र ४१ आणि ७ चं होतं, ५.८६. दोन्हींचा भागाकार केला की कळतं, मीटर सहावा हिस्सा जास्त दाखवत होतं.

यावरून वरचा वेग कागदावरच निघतो. इंजिनाच्या फेऱ्यांवर लगाम ठेवणारा गव्हर्नर मिनिटाला २,८०० फेऱ्यांना डिझेल तोडतो. टॉप गिअर सरळ आहे, एकास एक. २,८०० ला ६.८३ ने भागलं की चाकाचे मिनिटाला ४१० फेरे. ९.००-२० चा टायर भरल्या गाडीत एका फेऱ्यात साधारण ३.१ मीटर जातो. आम्ही टायरवर खूण करून अंगणात मोजलं. गुणाकार केला की ताशी ७६ किलोमीटर. नंतर एका पहाटे पेठ नाक्यापासून कराडच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर गाडी मोबाइलच्या जीपीएसवर तपासली, आणि ती ७६ लाच अडकली. मीटरचा काटा तेव्हा ८९ वर होता. उतारावर गाडी आणखी थोडी रेटली गेली की काटा शंभराला टेकणारच. लोकांनी शंभर बघितले ते खोटं नव्हतं, त्यांनी काटा बघितला होता.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. ७६ ला गाडी थकत नाही. त्या वेगाला हवा आणि टायर मिळून जेवढी ताकद खातात, ती सपाट रस्त्यावर इंजिनाच्या पूर्ण ताकदीपेक्षा बरीच कमी असते. वेग थांबतो तो गव्हर्नरमुळे. म्हणून तर लोक सल्ले देतात : इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचा स्क्रू सोडा, म्हणजे गव्हर्नर उशिरा तोडेल, नाहीतर क्राऊन बदला. स्क्रू सोडायला मिस्त्रीकाकांनी साफ नकार दिला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि कनेक्टिंग रॉड ज्या फेऱ्यांसाठी केलेत त्यापलीकडे नेलं, की एक दिवस व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो आणि इंजिनच जातं. ४१-७ चा क्राऊन घालता येतो. तेवढ्याच फेऱ्यांत ८९ मिळतात. त्यावर घरात बरीच चर्चा झाली. आप्पा म्हणाले, "ब्रेक कुठले आणणार?" बरोबर होतं त्यांचं. ७६ ऐवजी ८९ नं निघालेली दहा टनांची गाडी थांबवताना ड्रमना एकतृतीयांशाहून जास्त उष्णता पचवावी लागते. शिवाय आंबा घाटात तोच क्राऊन चढाला एक गिअर खाली ओढायला लावतो. क्राऊन ४१-६ चाच ठेवला, आणि मला तो निर्णय आजही पटतो.

आता अ‍ॅव्हरेज. सगळ्यात मोठी चोरी इंजिनात नव्हतीच. पहिल्या फेरीनंतर मिस्त्रीकाका खाली उतरले आणि एकेका चाकाच्या हबजवळ हाताची पालथी बाजू नेत फिरले. मागचं डावं चाक चटका बसेल इतकं तापलेलं. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटूनच फिरत होते. परतीची स्प्रिंग मेलेली आणि कॅमच्या बुशात वर्षानुवर्षांचं वाळलेलं ग्रीस. चारही बाजू उघडून बुश, स्प्रिंगा, ग्रीस सगळं केलं. त्यानंतर सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी सोडली की ती पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जायला लागली. डिझेलचं बिल बघण्याआधी ही चाचणी प्रत्येकानं करावी, तिला एक रुपया लागत नाही. टायरमध्ये हवा कमी होती तीही भरली, आणि पुढच्या चाकांचं अलाइनमेंट केलं.

एअर क्लीनर जुन्या पद्धतीचा, तेलाच्या भांड्याचा. भांड्यात तेलाऐवजी चिखल झाला होता. धुऊन नवं तेल खुणेपर्यंत भरलं. खुणेच्या वर भरू नये, इंजिन ते ओढून घेतं.

मग इंजिनाला डिझेल देणारा पंप. तारेचं सील तुटलेलं होतं. आधी कधीतरी कुणीतरी गाडीला ओढ यावी म्हणून जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू बाहेर काढला होता. असं केलं की चढाला जोर वाटतो खरा, पण जेवढं डिझेल जळायला हवा पुरत नाही तेवढं काळा धूर होऊन मागे जातं. पंप दुरुस्त करणाऱ्यांच्या पंपरूममध्ये मायको कंपनीचा आमचा पंप तपासणीच्या बेंचवर चढवला, तेव्हा सहा नळ्यांतून येणारं डिझेल आम्ही काचेच्या नळकांड्यांत डोळ्यांनी बघितलं. दोन सिलिंडर जास्त पीत होते, एक उपाशी. सहाही सारखे केले. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल २०० किलोच्या दाबाच्या आसपास उघडायला हवेत. बरेचसे त्याच्या खूप आधी ठिबकत होते. ते बदलले, टॅपेट सेट केले, पंप बसवताना टायमिंग खुणेवर आणून तपासलं आणि शेवटी पंपाला नवं सील मारून घेतलं. धूर गेला. चढाला पूर्वीची ओढ थोडी कमी वाटली, ती वाटू द्यावी.

एवढं झाल्यावर चालवण्याच्या वेगाकडे वळलो, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या भागानं. त्याच रस्त्यावर, तीच पोती घेऊन, वेग शक्य तेवढा स्थिर ठेवून मोजलं. ५० ला गाडीनं ५.६ दिले. ६० ला ५.१. आणि पॅडल तळाला दाबून ७५ नं पळवली तर ४.२. बसचा पुढचा भाग म्हणजे सरळ उभी भिंत. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, ५० वरून ७५ वर गेलं की तो सव्वादोन पट होतो. त्यात रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर कायम बांधलेला. इंजिनाचे फेरे वाढले की तोही जास्त ताकद खातो, पुढून वारा भरपूर मिळत असला तरी. वेळेचा हिशेब मांडला तर ५५ ऐवजी ७५ नं गेल्यानं शंभर किलोमीटरला जेमतेम अर्धा तास वाचतो आणि पाच लिटर डिझेल जादा जळतं. वाटेत एक टोलनाका तुंबला की तो अर्धा तासही गेला.

घाटातली एक सवय मात्र मोडून काढायलाच हवी. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी लहानपणापासून बघत आलो. गिअरमध्ये ठेवून पॅडलवरचा पाय काढला की गव्हर्नर पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण मागे घेतो. चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल शून्य जातं. न्यूट्रल केल्यावर उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं, वर इंजिनाचा ब्रेक हातचा जातो आणि सगळा भार तापलेल्या ड्रमवर येतो. यात वाचत काहीच नाही, जीव मात्र जातात. खंबाटकीच्या चढाला ज्या गिअरमध्ये गाडी चढली त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, हा मिस्त्रीकाकांचा नियम मी आमच्याकडे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो.

शेवटी सांगली ते पुणे आणि परत अशी पूर्ण फेरी घेतली : जाताना खंबाटकीचा बोगदा, कात्रजचा लांब उतार, येताना खंबाटकीचा जुना घाट चढून. वेग ५० ते ५५. घरी येऊन टाकी भरली आणि भागाकार आला ५.२.

आप्पांनी त्यांची डिझेलची वही काढली. १९८० च्या दशकातल्या पानांवर सांगली-पुणे फेऱ्यांचे लिटर आणि पुढे ५.२, ५.३, ५.२ असे आकडे. मी विचारलं, तुम्ही किलोमीटर मीटरवरचे धरायचात का? ते म्हणाले, "नाही रे, मीटर कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. दगडांवरचं अंतर पाठ होतं, तेच लिहायचो." म्हणजे सव्वापाच हा आकडा अगदी चोख होता. आणि तेव्हा रस्ता दुपदरी होता, बोगदा नव्हता, गावागावांतून जावं लागायचं. त्या रस्त्यावर तो आकडा काढणं हे चालवणाऱ्याच्या पायाचं कसब होतं, असं माझं मत झालं आहे.

आता मीटरचं गिअर बदलायचं बाकी आहे. तोवर काट्याच्या शेजारी पांढऱ्या रंगानं एक खूण केली आहे : काटा ६४ वर, म्हणजे खरे ५५. आषाढीला गाडी पंढरपूरला जाईल ती त्या खुणेवर, आणि त्यासाठी तासभर आधी निघायचं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.